संगणक : नैतिक व सामाजिक परिणाम

संगणकाच्या वापरामुळे व्यक्तिजीवन, व्यवसाय, न्यायव्यवहार व शासनसंस्था यांवर झालेले परिणाम आणि त्यांतून उद्‌भवणारे योग्यायोग्यतेचे प्रश्न यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेस संगणक नीतिशास्त्र असे म्हणतात. ही उपयोजित नीतिशास्त्राची एक शाखा असून तिचा विधी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संगणकविज्ञान यांच्याशी निकटचा संबंध येतो.

वाफेचे एंजिन, छपाईचे यंत्र, दूरध्वनी इ. शोधांनीही समाजात मोठे बदल घडवून आणले; मग संगणकासाठी स्वतंत्र नैतिक विचाराची आवश्यकता का भासावी, असा प्रश्न प्रारंभी विचारला जात असे. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स मूर यांनी १९८५ मध्ये त्याचे उत्तर दिले. इतर यंत्रे एखादे ठराविक काम करण्यासाठी घडविलेली असतात. संगणक मात्र आज्ञावली बदलताच नवे काम करू लागतो. जे कार्य तर्कशुद्ध पायऱ्यांमध्ये मांडता येते, ते त्याच्याकडून करवून घेता येते. परिणामी पूर्वी शक्यच नसलेल्या कृती एकाएकी शक्य होतात व त्यांच्याविषयी समाजाने कोणतेही संकेत वा नियम ठरविलेले नसतात. ही नियमांची पोकळी भरून काढणे हे संगणक नीतिशास्त्राचे मुख्य कार्य होय, असे मूर यांचे प्रतिपादन आहे. संगणकाचे कार्य डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे दुसरे वैशिष्ट्य त्यांनी दाखवून दिले. कारकुनाने खातेवहीत केलेली खाडाखोड दिसते. आज्ञावलीत दडलेली चूक, गैरवापर वा पूर्वग्रह सहसा दिसत नाही.

इतिहास : या विचाराचा पाया अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर (१८९४–१९६४) यांनी घातला. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या नियंत्रणावर काम करीत असताना त्यांनी यंत्रे व सजीव यांमधील संदेशवहन व नियंत्रण यांचा एकत्रित अभ्यास सुरू केला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या सायबरनेटिक्स या ग्रंथामुळे या अभ्यासशाखेला नाव मिळाले. १९५० मधील द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज या ग्रंथात त्यांनी स्वयंचलित यंत्रांमुळे येऊ घातलेल्या बेकारीचा, तसेच निर्णयाचा अधिकार यंत्राकडे सोपविण्यातील धोक्याचा ऊहापोह केला. माणसाचा उपयोग यंत्राच्या सुट्या भागाप्रमाणे करणे हा माणसाचा अवमान होय, ही त्यांची मध्यवर्ती भूमिका होती.

मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जोझेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी १९६६ मध्ये ‘एलिझा’ ही आज्ञावली जाहीर केली. मानसोपचारतज्ञाच्या भूमिकेतून ती टंकलिखित संवाद करीत असे. वापरणाऱ्याचीच वाक्ये ठराविक साच्यांनुसार प्रश्नरूपाने परत करणे, एवढेच तिचे कौशल्य होते. तरीही अनेकांनी तिच्याजवळ आपले मन मोकळे केले. या अनुभवाने अस्वस्थ होऊन वायझेनबाउम यांनी १९७६ मध्ये कंप्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन हा ग्रंथ लिहिला. संगणकाला एखादे काम करता येते की नाही हा प्रश्न वेगळा व ते त्याच्याकडे सोपवावे की नाही हा प्रश्न वेगळा, असा भेद त्यांनी केला. संगणक नीतिशास्त्र ही संज्ञा वॉल्टर मॅनर यांनी याच सुमारास रूढ केली. डेबोरा जॉन्सन यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर विद्यापीठांतून त्याचे अध्यापन वाढीस लागले.

विश्वासार्हता व उत्तरदायित्व : संगणकाच्या चुकीमुळे हानी झाल्यास उत्तरदायी कोण, हा या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न होय. ‘थेरॅक–२५’ हे कर्करोगावरील प्रारण चिकित्सेचे यंत्र त्याचे अभिजात उदाहरण मानले जाते. कॅनडात बनविलेल्या या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रारणमात्रा मिळाली व त्यांपैकी किमान तिघे दगावले. हे यंत्र सौम्य इलेक्ट्रॉन शलाका व तीव्र क्ष-किरण अशा दोन्ही प्रकारचे उपचार करी. चालकाने चुकून क्ष-किरणाची निवड करून ती तत्काळ दुरुस्त केली, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे. परंतु यंत्राच्या आतील मांडणी तिच्याशी जुळत नसे व तीव्र शलाका थेट रुग्णावर पडे. आधीच्या ‘थेरॅक–२०’ या यंत्रातही असा दोष होता. मात्र त्यात धोक्याच्या वेळी शलाका बंद पाडणारी स्वतंत्र विद्युत् व यांत्रिक साधने असल्याने दुर्घटना घडल्या नाहीत. नव्या यंत्रात ती साधने काढून टाकून सुरक्षेचा सारा भार आज्ञावलीवर टाकण्यात आला होता. शिवाय अशी अतिरिक्त मात्रा मिळणे अशक्य आहे, असे उत्पादकाने सुरुवातीस ठामपणे सांगितले. रुग्णाच्या वेदनेपेक्षा यंत्राच्या नोंदीवर अधिक विश्वास ठेवला गेला, हा या प्रकरणाचा नैतिक गाभा होय.

हीच वृत्ती ग्रेट ब्रिटनमधील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ प्रकरणात फार मोठ्या प्रमाणावर दिसून आली. तेथील पोटटपालकचेऱ्या कराराने नेमलेले चालक चालवितात व हिशेबातील तुटीस करारानुसार त्यांना जबाबदार धरले जाई. १९९९ पासून या कचेऱ्यांत फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबप्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली. चालकांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करण्यात आले आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर व खोटे हिशेब या गुन्ह्यांखाली दोषी ठरविण्यात आले. अनेकांनी घरदार विकून ही काल्पनिक तूट भरली, कित्येक कारावासात गेले व काहींनी जीवन संपविले. कचेरीच्या हिशेबात चालकाच्या नकळत दुरून फेरफार करता येत होता, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणाली सदोष असल्याचा निर्णय दिला, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी एकाच वेळी रद्द केली व २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून उरलेल्या बहुसंख्य पीडितांना दोषमुक्त केले.

या अन्यायामागे पुराव्याच्या कायद्यातील एक बदल होता. संगणकाची नोंद पुरावा म्हणून सादर करताना तो नीट चालत होता हे दाखविण्याचे बंधन इंग्लंडमधील १९८४ च्या कायद्यात होते. १९९९ च्या कायद्याने ते काढून टाकण्यात आले आणि विरुद्ध पुरावा नसल्यास संगणक बिनचूक चालत होता, असे गृहीत धरले जाऊ लागले. ज्याला आज्ञावली पाहण्याचाही अधिकार नाही, अशा सामान्य माणसावर ती सदोष असल्याचे दाखविण्याचा भार येऊन पडला. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये पुरावा अधिनियमात घातलेल्या ६५-ब या कलमाने इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडणे आवश्यक केले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्‌भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, मूळ साधनच न्यायालयात सादर केले नसल्यास हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तशी तरतूद आहे. तथापि नोंद कोठून व कशी मिळविली हे प्रमाणपत्राने कळले, तरी ती निर्माण करणारी आज्ञावली निर्दोष होती, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही.

रोजगार : संगणकामुळे माणसांचे काम जाईल, ही भीती भारतात प्रथम १९६० नंतरच्या दशकात तीव्रतेने व्यक्त झाली. आयुर्विमा महामंडळाच्या कोलकाता (तेव्हाचे कलकत्ता) येथील कार्यालयात संगणक बसविण्यास कर्मचारी संघटनांनी प्रखर विरोध केला. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली व तिने १९७२ मध्ये अहवाल सादर केला. बँकांमधील यांत्रिकीकरणाविषयी व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ मध्ये करार झाला. त्यानंतर चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ मधील अहवालानुसार बँकांच्या संगणकीकरणास पद्धतशीर प्रारंभ झाला. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले. तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रवाशास त्याचा लाभ तत्काळ जाणवला आणि संगणकाविषयीचे लोकमत बदलण्यास त्याने हातभार लावला.

पुढील अनुभवाने कर्मचाऱ्यांची भीती सर्वांशी खरी ठरली नाही व सर्वांशी खोटीही ठरली नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगाने मोठ्या प्रमाणावर नवा रोजगार निर्माण केला व पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद यांसारख्या शहरांचे स्वरूप पालटले. मात्र ज्यांची कामे गेली, त्यांनाच नवी कामे मिळाली असे घडले नाही. मराठी मुद्रणव्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या हाताने खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्यांचे कौशल्य छायाक्षरजुळणी व नंतर संगणकीय अक्षरजुळणी यांच्या आगमनानंतर निरुपयोगी ठरले. टंकलेखक व दूरध्वनी केंद्रातील चालक यांचीही हीच गत झाली. लाभ समाजात विखुरला जातो व हानी विशिष्ट गटाच्या वाट्याला येते. म्हणून त्या गटाला प्रशिक्षण, भरपाई व पर्यायी काम देणे हे समाजाचे नैतिक कर्तव्य ठरते. भ्रमणध्वनीवरील उपयोजनांच्या (ॲपच्या) आधारे प्रवासी वाहतूक व घरपोच सेवा करणाऱ्या कामगारांबाबत हा प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. त्यांचे काम, मोबदला व प्रसंगी बडतर्फीही आज्ञावलीकडून ठरते आणि दाद मागण्यासाठी समोर मुकादमही नसतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने अशा कामगारांची व्याख्या केंद्रीय कायद्यात प्रथमच केली.

खाजगीपणा : कागदी दप्तरात एखाद्या व्यक्तीची माहिती निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असते व ती एकत्र करणे कष्टाचे असते. ही अडचण हेच एक प्रकारचे संरक्षण होते. संगणकाने ते नाहीसे केले. त्यामुळे १९७० मध्ये जर्मनीतील हेस राज्याने व १९७३ मध्ये स्वीडनने माहिती संरक्षणाचे कायदे केले. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३ मध्ये जनगणनेविषयीच्या खटल्यात, आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरविण्याचा हक्क व्यक्तीस आहे, असे तत्त्व मांडले. यूरोपीय संघाचे व्यापक माहिती संरक्षण नियम मे २०१८ पासून लागू झाले.

भारतात या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने आधार योजनेच्या निमित्ताने झाली. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा व चेहऱ्याचे छायाचित्र यांच्या आधारे प्रत्येक रहिवाशास बारा अंकी क्रमांक दिला जातो. ज्यांच्याजवळ ओळखीचे कोणतेच कागद नव्हते अशांना ओळख मिळावी व अनुदानातील गळती थांबावी, हे योजनेचे उद्देश होते. परंतु शेतावर वा बांधकामावर राबणाऱ्यांच्या, तसेच वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. ठसा जुळला नाही, तर शिधावाटप दुकानातील यंत्र खऱ्या लाभार्थीसही नाकारते. बनावट व्यक्तीस वगळणे व खऱ्या व्यक्तीस न वगळणे ही दोन उद्दिष्टे पूर्णपणे एकाच वेळी साधत नाहीत. कोणती चूक अधिक सह्य मानायची, हा तांत्रिक नव्हे, तर नैतिक निर्णय असतो. धान्यावाचून राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने दुसरी चूक अधिक गंभीर, हे उघड आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाखालील मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने आधार अधिनियम बहुमताने वैध ठरविला. मात्र खाजगी कंपन्यांना आधार क्रमांकाची मागणी करता येईल अशी तरतूद रद्द केली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्र दिले. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. व्यक्तीची संमती, माहितीची दुरुस्ती व तक्रार यांची तरतूद त्यात आहे. तथापि शासनास दिलेल्या व्यापक सवलतींवर व माहितीच्या अधिकारावर होणाऱ्या परिणामावर टीका झाली आहे.

पक्षपात : यंत्राला राग-लोभ नसतो, म्हणून त्याचे निर्णय निःपक्षपाती असतात, हा समज लोकप्रिय असला, तरी बरोबर नाही. हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली पूर्वीच्या असंख्य उदाहरणांवरून साचे शोधून काढतात. उदाहरणांत जो भेदभाव असेल, तो त्यांच्या निष्कर्षांतही उतरतो. जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणालींची चाचणी घेतली. गोऱ्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०·८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ते ३४·७ टक्क्यांपर्यंत आढळले. नेदर्लंड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात लबाडी केल्याचा खोटा ठपका हजारो पालकांवर ठेवण्यात आला. जोखीम ठरविणाऱ्या तेथील संगणकीय पद्धतीत अर्जदाराचे नागरिकत्व हाही एक निकष होता. या प्रकरणी तेथील मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. जात, धर्म व प्रदेश यांनुसार विषमता असलेल्या भारतीय समाजात हा धोका विशेष लक्षात घ्यावा लागतो. अर्जात जातीचा रकाना नसला, तरी आडनाव व पत्ता यांवरून ती सूचित होऊ शकते.

संदेशवहन व सार्वजनिक जीवन : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे प्रत्येकास प्रकाशनाचे साधन मिळाले. त्याबरोबरच अभिव्यक्तीच्या मर्यादांचा प्रश्नही निर्माण झाला. फेसबुकवरील एका मजकुराबद्दल नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-अ या संदिग्ध कलमास आव्हान देण्यात आले व २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. याउलट अनिर्बंध प्रसाराचा धोका धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे प्रत्ययास आला. भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेमुळे १ जुलै २०१८ रोजी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. अफवा पूर्वीही पसरत. परंतु सांगणारा समोर असे व त्याला प्रश्न विचारता येत असे. पुढे ढकललेल्या संदेशाचा कर्ता अज्ञात राहतो आणि पाठविणाऱ्या कोणासच आपण जबाबदार आहोत, असे वाटत नाही. भटक्या जमातींविषयी आधीपासून असलेला संशयही या घटनेस कारणीभूत होता. तंत्रज्ञान समाजातील पूर्वग्रह निर्माण करते असे नव्हे, पण त्यांना वेग व बळ मात्र देते.

भाषा व विषमता : संगणकाचा प्रारंभीचा विकास रोमन लिपीच्या आधारे झाल्याने अन्य लिपींचे भाषिक मागे पडले. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक संकेतप्रणाली निश्चित झाली. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीय वापरात महत्त्वाचे कार्य केले. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्यामुळे मराठी मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येऊ लागला. तथापि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली उपलब्ध लिखित मजकुरावर पोसल्या जातात व ज्या भाषांत असा मजकूर थोडा, त्यांच्या बाबतीत त्या कमी विश्वसनीय ठरतात. अहिराणी, गोंडी, कोरकू यांसारख्या भाषा बोलणाऱ्यांना शासकीय सेवा केवळ यंत्राद्वारे मिळू लागल्यास त्यांची गैरसोय दुहेरी होईल.

पर्यावरण : संगणकीय व्यवहार अमूर्त वाटले, तरी त्यांना वीज, पाणी व खनिजे लागतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरणाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील माहिती केंद्रांनी सु. ४१५ अब्ज किलोवॉट-तास म्हणजे एकूण विजेच्या सु. दीड टक्का वीज वापरली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६·२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला व त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराचसा भाग गरीब वस्त्यांतून उघड्यावर जाळून वा आम्लात बुडवून धातू काढण्यासाठी वापरला जातो व शिसे, पारा इ. विषारी द्रव्यांची बाधा तेथील कामगारांना होते.

नियमन : संगणक व्यावसायिकांच्या अमेरिकेतील असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संघटनेने १९७२ मध्ये आचारसंहिता स्वीकारली व १९९२ आणि २०१८ मध्ये तिची पुनर्रचना केली. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीची शिफारस संमत केली. यूरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अंमलात आला असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. धोक्याच्या प्रमाणात बंधने घालण्याचे तत्त्व त्यात स्वीकारले आहे.

आचारसंहिता व कायदे यांची परिणामकारकता अखेरीस तीन गोष्टींवर अवलंबून असते : ज्याच्याविषयी निर्णय झाला त्यास त्याचे कारण समजले पाहिजे, त्याला तो बदलून घेण्यासाठी एखाद्या माणसाकडे दाद मागता आली पाहिजे व निर्णय चुकीचा ठरल्यास त्याची भरपाई करणारा निश्चित असला पाहिजे. थेरॅक यंत्राखालील रुग्ण, होरायझनमुळे तुरुंगात गेलेले टपालचालक, ठसा न जुळल्याने रिकाम्या हाती परतणारा शिधापत्रिकाधारक या सर्वांच्या बाबतीत या तीनपैकी निदान एका गोष्टीचा अभाव होता. यंत्राला दोषी ठरविता येत नाही व त्याला शिक्षाही होत नाही. म्हणून संगणकाच्या प्रत्येक निर्णयामागे उत्तर देण्यास बांधील असलेली व्यक्ती वा संस्था उभी करणे, हे संगणकयुगातील समाजाचे प्रमुख नैतिक कर्तव्य ठरते.